येताना मेथीची जुडी

तमाम वाचकांस अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या बिटामधल्या चोवीस अंगणवाड्यांतल्या समस्त बालकांनी एकाच बुधवारी, सकाळी ठीक साडेदहा वाजता, नदीकाठी फेरी मारली, पाण्यातले दगड मोजले आणि ती आनंदानं परत आली. तशी लेखी नोंद चोवीस रजिस्टरांत आहे. प्रत्येक नोंदीखाली सेविकेची सही आहे आणि तिच्याखाली तपासणी करणारी म्हणून माझी. यांतल्या एकोणीस गावांना नदी नाही. दोन गावांना ओढा आहे, पण त्यात त्या महिन्यात म्हशीसुद्धा उतरत नव्हत्या, कारण पाणीच नव्हतं.

ही किमया माझी. सविस्तर सांगते.

अंगणवाडी म्हणजे एक खोली, एक सेविका, एक मदतनीस आणि तीन ते सहा वर्षांची जितकी येतील तितकी पोरं. सेविका शिकवते, वजनं घेते, लसीकरणाच्या याद्या करते, गरोदर बायांच्या घरी जाऊन येते आणि उरलेल्या वेळात या सगळ्याचे फोटो मोबाईलवर टाकते. पुष्कळदा उरलेला वेळच आधी येतो. मदतनीस झाडते, पाणी भरते, खिचडी शिजवते, दारोदार जाऊन पोरं गोळा करते, नाकं पुसते, चड्ड्या बदलते. अशा वीस-पंचवीस अंगणवाड्या मिळून एक बीट होतं आणि त्यावर एक पर्यवेक्षिका असते. ती मी. माझं काम रजिस्टर तपासणं. पोरं तपासायला रकाना नसतो.

दर महिन्याच्या शेवटी पुढच्या महिन्याचं नियोजन लिहायचं असतं: कुठल्या दिवशी कुठलं गाणं, कुठला खेळ, हाताचं काम काय, बाहेर कुठं न्यायचं. कागदावर असं आहे की सेविकेनं आपल्या पोरांकडं बघून हे ठरवावं. प्रत्यक्षात सगळ्या सेविका तेर गावी माझ्याकडं बैठकीला यायच्या, अकराला पोचायच्या, आणि तीनची यष्टी धरायची म्हणून एकपासून पिशव्या आवरायला लागायच्या. मधल्या दोन तासांत एकच मागणी: “मॅडम, एक नमुना द्या ना. आम्ही त्यावरून करतो.”

मी नमुना द्यायची. तेरला बसून लिहायची, खिडकीतून तेरणा दिसायची, मग बुधवारी नदी येणारच. मोबाईलवर त्या कागदाचे फोटो निघायचे आणि तेरणा चोवीस गावांना वाहायला लागायची. मला हे ठाऊक होतं का? अर्थात होतं. पण चोवीस रजिस्टरं एकसारखी असली की तपासायला फार सोपी जातात.

त्या महिन्यात मात्र आणखी एक गोष्ट झाली. नमुन्याच्या त्या कागदावर मी स्वतःसाठी एक ओळ खरडली होती. संध्याकाळी घरी भाजी हवी होती, म्हणून लिहिलं: येताना मेथीची जुडी. ती ओळ नेमकी गुरुवारच्या चौकटीत पडली. वीसेक जणींनी ती वगळली. तिघींनी इमानेइतबारे उतरवून घेतली. आणि तिघींपैकी एका अंगणवाडीत ती अमलात आली.

ही अंगणवाडी म्हणजे आमच्या बिटाचं शेवटचं टोक. मूळ गाव हायवेच्या अलीकडं, ही वस्ती हायवेच्या पलीकडं, उसाच्या फडांमध्ये. सेविका वर्षाताई, तिशीतली, डी.एड. झालेली, अक्षर छापल्यासारखं. मदतनीस जैतूनबी, साठीला टेकलेली, अक्षरओळख नाही, पण वस्तीतल्या निम्म्या पोरांची पहिली अंघोळ तिच्या हातची. गुरुवारी मी अचानक भेट द्यायला गेले. स्कूटी लावली आणि कान टवकारले. आतून आवाजच येत नव्हता. अंगणवाडीतून आवाज येत नसेल तर दोनच शक्यता असतात: पोरं आलेली नाहीत, किंवा काहीतरी सांडलंय.

आत सात पोरं गोल करून बसली होती. मध्ये मेथीचा हिरवा ढीग. पानं एका ताटात, काड्या दुसऱ्या ताटात. आदू नावाचा चार वर्षांचा मुलगा, ज्याच्या नावापुढं आमच्या रजिस्टरात सहा महिने “प्रतिसाद देत नाही” असं लिहिलेलं होतं, तो शेजारच्या सनाच्या हातातली काडी काढून घेत म्हणत होता, “ही नगं. ही जून हाय.”

मी दारातच बसले. खरंच बसले, चपलांवर.

“जैतूनमावशी, हे काय चाललंय?”

“तुमीच सांगितलं न्हवं?” ती चुलीपासून म्हणाली. “सकाळी वर्षाताईला इचारलं, आज काय हाय? तिनं वाचून दाखवलं, येताना मेथीची जुडी. म्हनलं या अल्ला, सरकारला बी आता कळाया लागलंय. म्हनून येताना बांधावरनं आनली.”

वर्षाताईचा चेहरा पडला होता. “मॅडम, मला वाटलं नवीन उपक्रम आलाय.”

मी इतकी हसले की पोरंही हसायला लागली. पण हसू ओसरल्यावर एक गोष्ट टोचत राहिली. गेल्या किती वर्षांत मी लिहून दिलेल्या नियोजनातलं जे एकमेव काम पोरांनी मन लावून केलं, ते मी त्यांच्यासाठी लिहिलेलंच नव्हतं.

आणि ते टोचायला दुसरं कारणही होतं. या वस्तीची अंगणवाडी बंद व्हायच्या बेतात होती. मूळ गावात एक इंग्रजी नर्सरी निघाली होती. तिची पिवळी व्हॅन वस्तीपर्यंत यायची आणि ज्यांना जमेल ते पोरं पाठवायचे. पटावर एकवीस नावं, बसायला सात. वरून निरोप आला होता की मार्चमध्ये पडताळणी होईल. पोरं दिसली नाहीत तर ही अंगणवाडी मूळ गावातल्या अंगणवाडीत विलीन. कागदावर ते अंतर थोडंच होतं. पण मध्ये हायवे. आया सकाळी सातला खुरपायला नाहीतर उसाला जाणार. तीन वर्षांचं पोर हायवे ओलांडून कोण नेणार? वाडी गेली तर ही पोरं दिवसभर फडाच्या कडेला, विहिरीच्या कडेला. हे मला दिसत होतं, वर्षाताईला दिसत होतं, आणि जैतूनबीला तर कोणत्या विहिरीला कठडा नाही तेही पाठ होतं.

म्हणून मी ठरवलं. या वाडीला नमुना द्यायचा नाही. नियोजन इथंच, या सतरंजीवर, तिघींनी बसून करायचं.

जैतूनबीला सतरंजीवर बसवणं हाच पहिला उपक्रम ठरला. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी.

“बसा की मावशी.”

“म्या कशाला? खिचडी लागंल.”

“खिचडी उतरवलीय मी,” वर्षाताई म्हणाली आणि मग जरा तिरकं, “मॅडम, मावशीच नियोजन करणार असतील तर मी डी.एड. कशाला केलं?”

“लिवायला,” जैतूनबी म्हणाली. “तुजं अक्षर किती ग्वाड हाय.”

वर्षाताईला राग यावा की हसावं कळेना. मी घाईघाईनं सोमवार काढला. नमुन्यात सोमवारी होतं “माझे शरीर: अवयवांची ओळख”.

जैतूनबी हळूच बसली. सतरंजीच्या काठावर, अर्धी फरशीवर. “बाई, बोलू का?”

“त्यासाठीच बसवलंय.”

“रविवारी बाजार आसतो. सोमवारी पोरांच्या डोक्यात निस्ता बाजार. कुनी भेळ खाल्ली, कुनाचा फुगा फुटला. तुमी त्यास्नी नाक कुठं, कान कुठं इचारता. नाक जागच्या जागीच हाय की! सोमवारी बाजार मांडू द्या. माज्याकडं जुना तराजू हाय.”

वर्षाताईनं पेन उचललं.

“आन दुसरं. तुमी साडेधाला गानं म्हनता आन बाराला खायाला देता. तो आदू रातच्या भाकरीवर आलेला आसतो, कवा तेबी न्हाय. त्याची आय पाचला फडात. उपाशी पोरगं टाळ्या वाजवंल व्हय? आदी मूठभर काय तरी द्या, मंग गावा तुमचं गानं.”

मी आदूच्या नावापुढचं “प्रतिसाद देत नाही” वाचलं. ते माझ्याच पेनानं तपासलेलं होतं. बरोबरची खूण केली होती.

त्या दिवशी दीड तास बसलो. मधेच वर्षाताईची अढी सुटली. जैतूनबी म्हणाली पोरांना माती कालवू द्या, तर ही म्हणाली, “मावशी, त्यातनं बोटांची ताकद वाढते, मग पेन्सिल धरता येते, असं आमच्या पुस्तकात होतं.” जैतूनबीनं डोळे मोठे केले. “पुस्तकात हाय? मंग इतके दिस का न्हाय कालवली?” वर्षाताई हसली, आणि मग तिनंही जे शिकून आली होती आणि कपाटात ठेवलं होतं ते बाहेर काढलं. शेवटी लिहिलेलं सगळं वाचून दाखवलं, तेव्हा जैतूनबी म्हणाली, “हितं माजा अंगठा घ्या.”

“कशाला मावशी?”

“उद्या कुनी म्हनू नये, म्या बोललेच न्हाय म्हनून.”

नियोजनाच्या पानावर मदतनिसाचा अंगठा. असा रकाना नव्हता, म्हणून वर्षाताईनं पट्टीनं आखला.

पुढचे तीन महिने मी त्या वस्तीवर काहीतरी निमित्त काढून जायचे. सोमवारचा बाजार काय वर्णावा! दगडाचे बटाटे, गुळाच्या ढेपेला वीट, आणि सना गिऱ्हाइकाला सांगतेय, “घ्यायचं तर घ्या, हात लावू नका.” तराजूच्या एका पारड्यात आदू स्वतः बसायला निघालेला. नऊ वाजता मूठभर फुटाणे-गूळ, मग गाणं. आदू टाळ्या वाजवायचा, आणि चुकीच्या ठिकाणी वाजवायचा, मोठ्यांदा. सातची अकरा झाली, अकराची सतरा. पिवळ्या व्हॅनमधून दोन पोरं परत आली. एकीची आई म्हणाली, “तिथं नुस्तं ए फॉर म्हनत्यात आन घरी येऊन रडत्यात. हितं येऊन निदान भाजी निवडाया शिकली.”

आता माझा गुन्हा.

मला गोष्ट सांगायची खोड आहे. वाचकांच्या ते लक्षात आलं असेलच. तालुक्याच्या बैठकीत मी ही सगळी हकीकत उभी राहून, नकला करून सांगितली. मेथीची जुडी, जैतूनबीचा आवाज, आदूची टाळी. साहेबांनी डोळ्यांतलं पाणी पुसलं, हसून हसून. टाळ्या पडल्या. मी फुगले. साहेब म्हणाले, “हे मॉडेल आहे!” त्याच क्षणी मी सावध व्हायला हवं होतं. आमच्या खात्यात एखाद्या गोष्टीला मॉडेल म्हटलं की तिचं आयुष्य संपत आलेलं असतं.

पंधरा दिवसांत मॉडेलचा तक्ता आला. अकरा रकाने. मेथी होती, पण “स्थानिक पालेभाजी निवडणे (सूक्ष्म स्नायू विकास)” या नावानं. बाजार होता, पण तो मंगळवारी, कारण सोमवारी अवयव पक्के होते. आणि तीन दिवसांचं प्रशिक्षण लागलं: “सर्व कर्मचाऱ्यांच्या सहभागातून उपक्रम नियोजन”. सेविकांनी यायचं. मॉडेल वाडीच्या दोघींनीही यायचं, खास निमंत्रण. बोलायला मी.

पत्र द्यायला मीच वस्तीवर गेले. वर्षाताईनं ते दोनदा वाचलं आणि साडी कोणती नेसू विचारलं. जैतूनबीनं एकच विचारलं.

“बाई, तीन दिस वाडी कोन उघडंल?”

“तीन दिवसांनी काय होतंय मावशी! तुमचाच सत्कार आहे.”

“सत्कार ऱ्हाऊ द्या. पोरं दारात येऊन बसत्यात.”

“सुट्टी सांगा त्यांना.”

तिनं मान हलवली. होकाराची नव्हती ती. पण मी पर्यवेक्षिका, ती मदतनीस, आणि सतरंजीवर त्या दिवशी बसलो नव्हतो. मी स्कूटीवर होते, इंजिन चालू होतं.

प्रशिक्षणाला तालुक्याचा हॉल भरला होता. साठ सेविका. सहभाग दिसावा म्हणून दहा-बारा मदतनिसांनाही बोलावलं होतं. त्यांना हॉलच्या मागच्या पडवीत बसवलं होतं, कारण खुर्च्या कमी पडल्या आणि चहाला माणसं कमी पडली. ज्यांना खिचडी करता येते त्यांना चहा येणारच, असा हिशेब. मी पहिल्या दिवशी हे पाहिलं. पाहिलं आणि मनात म्हटलं, उद्या सांगते. दुसऱ्या दिवशी माझंच भाषण होतं. जैतूनबीचा आवाज काढून मी जैतूनबीचं म्हणणं हॉलला सांगितलं, आणि खरी जैतूनबी भिंतीपलीकडं साखर किती टाकायची ते विचारत होती. नक्कल छान झाली. सगळ्यांनी तसं सांगितलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. मी मंचावर होते, म्हणून खाली वाकून घेतला. सनाची आई होती. “बाई, जीपवाले आले हुते. पोरं मोजायला. कुलूप बघून फोटू काढून गेले. पोरं दारातच बसल्याली हुती वो, मी सांगितलं त्यास्नी. ते म्हनले, दारातली धरत न्हाईत.”

नंतर मी खुलासे लिहिले. तीन पानी, चार पानी. वाडी बंद होती कारण वाडीतल्या दोघी वाडी कशी चालवावी हे शिकायला गेल्या होत्या, आणि ते त्यांच्याकडूनच शिकायचं होतं, असं मी सभ्य शब्दांत मांडलं. उत्तरादाखल प्रशिक्षणाच्या पत्राची प्रत आली. शेवटच्या ओळीखाली लाल रेघ: प्रशिक्षण काळात केंद्र बंद राहणार नाही याची दक्षता पर्यवेक्षिकेनं घ्यावी. पत्र मिळाल्याची माझी सही होती. कागदाच्या कोपऱ्यात मी चुकून लिहिलेली ओळ एका न वाचता येणाऱ्या बाईनं पाळली होती, आणि मला उद्देशून छापलेली ओळ मी वाचलीसुद्धा नव्हती.

मार्चअखेर विलीनीकरण झालं. सतरापैकी तीन पोरं हायवे ओलांडून जातात, ज्यांचे आजोबा घरी असतात ती. सना पिवळ्या व्हॅननं जाते. आदू कुठंच जात नाही. परवा त्या रस्त्यानं गेले तेव्हा फडाच्या बांधावर, आईच्या जेवणाच्या डब्याशेजारी बसला होता. मी हाक मारली. त्यानं पाहिलं, आणि पाहतच राहिला. रजिस्टरात काय लिहायचं हे मला ठाऊक आहे. पण आता त्याचं नाव कुठल्याच रजिस्टरात नाही. वर्षाताईची बदली झाली. जैतूनबी मूळ गावच्या वाडीत जादा मदतनीस आहे, म्हणजे पाणी भरते. तिथलं नियोजन मोबाईलवर येतं. अंगठ्याचा रकाना त्यात नाही. मॉडेल मात्र फार यशस्वी झालं, उरलेल्या तेवीसही रजिस्टरांत आहे. बुधवारची नदी गेली आणि पालेभाजी आली, एवढाच फरक.

लोक मला म्हणतात, तुम्ही किती रंगवून सांगता! हो, सांगते. तेच केलं मी. ज्या तीन दिवसांत तिथं जाऊन कुलूप उघडायला हवं होतं, ते तीन दिवस मी रंगवून सांगत होते.

पण मला सर्वांत जास्त आठवतो तो त्या तिसऱ्या दिवसाचा शेवट. फोन नुकताच ठेवला होता. शेजारी साहेब समारोप करत होते. “आजपासून,” ते म्हणाले, “मदतनिसांना विचारल्याशिवाय एकही उपक्रम ठरणार नाही!” टाळ्या झाल्या. “कुणाला काही विचारायचंय?” साठ सेविका पिशव्या आवरत होत्या. मागच्या दारात जैतूनबी उभी होती, एका हातात रिकामी किटली, दुसऱ्या हातात ट्रे. तिला अजून काहीच माहीत नव्हतं. तिनं सगळीकडं पाहिलं, कुणी बोलत नाही असं बघितलं, आणि मोठ्यांदा म्हणाली, “व्हय वो सायेब, आमाला इचारायचं ठरलं का मंग? ठरलं आसंल तर कप गोळा करते. पाचची यष्टी चुकली तर सकाळी वाडी कोन उघडंल?”